कुलाब्याची साक्ष

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उधना मागे पडले की थोड्याच वेळात चलथाण लागते. साखर कारखाना, यंत्रमागांची खडखड आणि महामार्गावरची अखंड वाहतूक ही या गावाची बाहेरची ओळख. तथापि येथल्या चाळींतून आणि नव्या वसाहतींतून हिंडणाऱ्याच्या कानी गुजरातीच्या बरोबरीने खानदेशची बोली पडते. याच लोहमार्गाने खानदेशातील कितीतरी कुटुंबे पोटामागे इकडे आली आणि येताना आपले सणही घेऊन आली. अक्षय्य तृतीयेला ही मंडळी 'आखाजी' म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावे घागर भरावी, खापरावर पुरणाची पोळी भाजावी, आमरस करावा आणि माहेरी आलेल्या लेकींनी झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणावी, असा त्यांचा परिपाठ आहे.

सन २०२४ मध्ये आखाजी १० मे रोजी, शुक्रवारी आली. त्या रात्री साडेदहाच्या सुमारास, झोके थांबण्याच्या वेळी, सूर्यावरून एकामागून एक सुटलेले तप्त द्रव्याचे लोट पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर येऊन आदळले. गेल्या वीस वर्षांतले ते सर्वांत प्रबळ चुंबकीय वादळ होते. चलथाणच्या आकाशात मात्र काहीच दिसले नाही. दूर उत्तरेस, लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावरचा तांबडा ध्रुवप्रकाश टिपला. आपल्याकडे मात्र वारा पडलेला, उकाडा नेहमीचा, आणि दिवेही नेहमीसारखे जळत होते.

तापी ही पुराणांनी सूर्यकन्या मानलेली नदी. तिच्या खोऱ्यात राहणारांना सूर्याचे माहात्म्य नव्याने सांगायला नको. रथसप्तमीला अंगणात रथाची रांगोळी काढून आणि गोवरीच्या विस्तवावर दूध उतू घालवून आपण त्याच्या कृपेचे स्मरण करतो. परंतु त्याच्या क्षोभाचे काय? तो किती होऊ शकतो, आणि ते सांगणारा साक्षीदार कोण? प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय वकिलीचा असल्याने कोणतेही विधान कानी आले की पुरावा विचारण्याची त्याला खोड आहे. या प्रश्नाचा पुरावा शोधू लागलो, तेव्हा तो आपल्याच कोकणच्या किनाऱ्यावर, मुंबईच्या कुलाब्यास सापडला. त्याचीच ही हकीकत.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्यास वेधशाळा उभारली, ती प्रामुख्याने ज्योतिषाच्या वेधांसाठी आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप सुरू झाले. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लिबार यांनी या कामाची घडी बसवली. मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांचाही या वेधशाळेच्या कारभाराशी संबंध आला होता. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी आपल्या उमेदीची काही वर्षे येथेच काढली. ज्यांनी पुढे 'ग्रहसाधनांची कोष्टके' रचली, ज्यांच्या गणिताच्या आधारे पटवर्धनी पंचांग निघाले आणि ज्यांना लोकमान्य टिळकांनी गुरू मानले, तेच हे केरूनाना. आपल्या देवळांतून ज्या पंचांगाने तिथी ठरते, त्या पंचांगाच्या सुधारणेचे एक मूळ अशा रीतीने कुलाब्याच्या खडकावर आहे.

चुंबकत्व मोजण्याची तेव्हाची रीत मोठ्या सबुरीची होती. बंदिस्त खोलीत चुंबक टांगलेला असे. त्याच्याशी जोडलेल्या आरशात मापपट्टीचे प्रतिबिंब पडे, आणि निरीक्षक काही अंतरावरून दुर्बिणीतून त्या पट्टीवरचा आकडा वाचून वहीत मांडी. ठरल्या वेळी पुन्हा आकडा, पुन्हा नोंद. रात्र असो, पाऊस असो, सणवार असो, क्रम चुकायचा नाही. या आकड्यांचा पुढे नेमका काय उपयोग होईल, हे त्या खोलीतील कोणालाच ठाऊक नव्हते. वेळ झाली की आकडा लिहायचा, एवढेच त्यांचे कर्तव्य होते.

आता १८५९ सालाकडे वळू. १ सप्टेंबर रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास इंग्लंडातील रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिषी सूर्यावरील डागांचे चित्र काढीत होता. एकाएकी डागांच्या एका मोठ्या समूहावर त्याला डोळे दिपवणारे दोन शुभ्र ठिपके दिसले. काही मिनिटांतच ते फिके होऊन नाहीसे झाले. त्याच वेळी रिचर्ड हॉजसन नावाच्या दुसऱ्या निरीक्षकानेही हा प्रकार स्वतंत्रपणे पाहिला होता, म्हणून ही साक्ष दुहेरी ठरली. त्यानंतर अवघ्या साडेसतरा तासांत पृथ्वीवर हाहाकार उडाला. युरोपात आणि अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. काही तारमास्तरांनी विद्युत्घट काढून ठेवले, तरी नुसत्या आकाशातून आलेल्या प्रवाहावर संदेश जात राहिले. ध्रुवप्रदेशातच दिसणारा प्रकाश थेट क्युबापर्यंत दिसला.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ वर आली होती. पंचांगाने मागे मोजले तर तो भाद्रपदाचा शुद्ध पक्ष, गणेशचतुर्थीच्या आगेमागेचे दिवस. गिरगावात घरोघरी मोदक वळले जात असतील, त्याच दिवसांत कुलाब्याच्या खोलीतील चुंबक अस्वस्थ झाला. निरीक्षकांनी नेहमीच्या वेळेची वाट न पाहता नोंदींमधले अंतर कमी केले आणि मिनिटामिनिटांच्या हिशेबाने आकडे टिपायला घेतले. माध्यान्हाच्या सुमारास पृथ्वीचे आडवे चुंबकबल आजच्या परिमाणात सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले. तेथील एकूण आडव्या बलाचा हा जवळजवळ पंचविसावा हिस्सा होय. शांत दिवशी हेच बल दिवसभरात काही दशक नॅनोटेस्लांनीच कमीजास्त होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या घसरणीचा आवाका कळतो.

येथे दैवाचा एक खेळ पाहण्यासारखा आहे. लंडनजवळच्या क्यू आणि ग्रिनिच येथील वेधशाळांत त्या काळची अद्ययावत, आपोआप छायाचित्र उमटवणारी यंत्रे होती. वादळ इतके मोठे होते की त्या यंत्रांची रेषा कागदाबाहेर गेली. कुलाब्यात मात्र डोळा माणसाचा आणि लेखणीही माणसाची होती. वेधशाळेचे तेव्हाचे अधीक्षक लेफ्टनंट फर्ग्युसन यांनी त्या वर्षाच्या नोंदी छापून काढल्या, त्यांत हे आकडे जसेच्या तसे आले आणि ग्रंथ कपाटात गेला.

साक्ष अशी नोंदली गेली, परंतु खटला पुढे फार काळ रेंगाळला. सूर्यावरील डागांची संख्या आणि पृथ्वीवरील चुंबकीय खळबळ यांचा चढउतार एकाच तालाने होतो, हे एडवर्ड सॅबाइन यांनी १८५२ सालीच दाखवले होते. कॅरिंग्टननेही आपली हकीकत सांगताना तो दीप्तिस्फोट आणि ते वादळ यांचा मेळ सांगितला, मात्र निष्कर्ष काढण्याची घाई केली नाही. दोन घटना लागोपाठ घडल्या एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे तत्त्व न्यायालयाइतकेच विज्ञानातही पाळले जाते. पुढे १८९२ साली लॉर्ड केल्व्हिन यांनी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून जणू निकालच दिला. त्यांनी हिशेब मांडला की एका साधारण वादळाच्या आठ तासांसाठी सूर्याला त्याच्या चार महिन्यांच्या प्रकाश-उष्णतेइतकी शक्ती खर्चावी लागेल. म्हणून सूर्य आणि चुंबकीय वादळे यांचा संबंध मानता येत नाही.

निकाल देणारा अधिकारी मोठा होता आणि त्याचे गणितही बरोबर होते. चूक होती ती गृहीतकात. सूर्य आपला प्रभाव दिव्याप्रमाणे चहूकडे सारखा फेकतो, असे केल्व्हिन यांनी धरले होते. वस्तुतः सूर्य आपल्या द्रव्याचा लोट एका दिशेला भिरकावतो, आणि त्या लोटाबरोबर त्याचे चुंबकत्वही वाहत येते, ही कल्पना त्यांच्यासमोर नव्हती.

अपील चालले ते विसाव्या शतकात. १९५८ साली यूजीन पार्कर या तरुण शास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की सूर्याचा किरीट, म्हणजे खग्रास ग्रहणात दिसणारे ते शुभ्र तेजोवलय, स्थिर नसून अखंड बाहेर वाहत असते. परीक्षकांनी लेख नाकारण्यास सांगितले. त्या नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही ही कल्पना पटली नव्हती; परंतु गणितात दोष दाखवता येत नाही म्हटल्यावर त्यांनी लेख छापला. स्वतःचे मत बाजूला ठेवून समोरच्या पुराव्यावर निर्णय देणे ही न्यायाधीशाच्या अंगची खरी शालीनता होय, आणि ती चंद्रशेखरांनी दाखवली. चारच वर्षांनी, १९६२ साली, शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ या यानाने वाटेत तो सौरवात प्रत्यक्ष मोजला. पुढे डिसेंबर १९७१ मध्ये ओएसओ-७ या उपग्रहाने सूर्यबिंब झाकून किरीट पाहिला, तेव्हा द्रव्याचा एक मोठा गोळा सूर्यापासून सुटून जाताना दिसला. केल्व्हिनचा निकाल फिरला आणि कुलाब्याच्या चुंबकाला कोणी हलवले, हे उलगडले.

आज हा पहारा उपग्रहांवर सोपवला आहे. त्याची रीत थोडक्यात सांगतो. सूर्यक्षोभाचे दूत तीन वेगांनी येतात. पहिला प्रकाशाचा आणि क्ष-किरणांचा. तो आठ मिनिटांत पोहोचतो. त्याला आधीच पाहण्याचा मार्ग नाही, कारण त्याचे दिसणे हेच त्याचे येणे. दुसरा अतिवेगवान कणांचा. तो काही मिनिटांपासून काही तासांत येतो आणि उपग्रहांच्या यंत्रांना व अंतराळवीरांना अपाय करतो. तिसरा त्या चुंबकित द्रव्याच्या लोटाचा. त्याला एक ते तीन दिवस लागतात. मोठी चुंबकीय वादळे उठतात ती याच्यामुळे. लोटातील चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाला समांतर असले तर तो बहुतांशी बाजूने निघून जातो. ते उलट, म्हणजे दक्षिणेकडे वळलेले असले, तर पृथ्वीच्या कवचाचे दार उघडते. तेव्हा लोट निघाला एवढे पाहून भागत नाही. त्याच्या पोटात काय आहे ते दाराशी येण्यापूर्वी तपासावे लागते.

ही तपासणी करण्याची जागा निसर्गानेच नेमून दिली आहे. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर एक बिंदू आहे. तेथे दोघांच्या आकर्षणाचा मेळ असा बसतो की यानाला पृथ्वीच्या बरोबरीने सूर्याभोवती फिरत राहता येते आणि मध्ये ग्रहणही आड येत नाही. १९९५ साली निघालेला सोहो, १९९७ सालचा एस आणि २०१५ सालचा डिस्कव्हर हे तेथले परदेशी पहारेकरी. भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सकाळी ११ वाजून ५० मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी त्या बिंदूभोवतीच्या आपल्या प्रदक्षिणामार्गावर पोहोचले. कुलाब्याच्या चुंबकाने ज्या तारखेला आणि दिवसाच्या ज्या सुमारास साक्ष दिली, त्याच तारखेला, जवळजवळ त्याच घटकेला, बरोबर १६४ वर्षांनी हे यान उडाले. हा योगायोगच, परंतु मनाला सुखावणारा.

आदित्यावर सात उपकरणे आहेत. त्यांपैकी सूर्याची अतिनील प्रतिमा घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेने घडवली, आणि किरीट पाहणारे उपकरण बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने. २०२४ च्या आखाजीच्या रात्री हे दोन्ही डोळे तपासणीच्या आणि शुद्धीच्या कामासाठी मिटलेले होते. यानावरील सौरवात आणि क्ष-किरण मोजणाऱ्या उपकरणांनी मात्र तो उत्पात नोंदवला.

आदित्यावर एक चुंबकमापकही आहे. तो यानाच्या अंगाला चिकटवलेला नाही. सहा मीटर लांब दांड्यावर बाहेर धरलेला आहे, कारण यानाच्या स्वतःच्या विजेचे चुंबकत्व त्याच्या मापात मिसळता कामा नये. हे वाचले तेव्हा मला अलिबागची आठवण झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. विजेचे प्रवाह शहरभर खेळू लागले की कुलाब्याच्या चुंबकाची साक्ष दूषित होणार हे उघड होते. एकीकडे लाखो नागरिकांची सोय, दुसरीकडे साठ वर्षांची अखंड नोंद. दोन्ही सार्वजनिक हिताच्याच गोष्टी. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत तोडगा निघाला तो असा, की ट्राम यावी आणि चुंबकाने स्थलांतर करावे. समुद्रापलीकडे सुमारे ३० किलोमीटरवर अलिबागला, लोहाचा अंश नसलेल्या, पारखून घेतलेल्या पोरबंदरी दगडाची इमारत बांधली. १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. मूस यांनी एक मोठी दक्षता घेतली. १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवून त्यांनी जुन्या आकड्यांचे नव्याशी नाते बांधून दिले, आणि मगच जुन्या चुंबकाला निरोप दिला. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली, आणि १८४१ ची परंपराही खंडित झाली नाही. पुढे या कामातून भारतीय भूचुंबकत्व संस्था उभी राहिली; तिचे मुख्यालय आज नवीन पनवेलला आहे, आणि अलिबागचे मोजमाप चालूच आहे.

कपाटात गेलेल्या त्या ग्रंथाचे पुढे काय झाले? २००३ साली याच संस्थेचे लाखिना आणि ॲलेक्स यांनी सुरुतानी व गोन्झालेस या परदेशी सहकाऱ्यांसह कुलाब्याचे १८५९ चे आकडे बाहेर काढले आणि त्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. कॅरिंग्टनचे वादळ किती मोठे होते, या प्रश्नाला तेव्हा कोठे आकड्यांत उत्तर मिळाले. १३ मार्च १९८९ रोजी ज्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवून सुमारे ६० लाख लोकांना अंधारात लोटले, त्याचे माप ५८९ नॅनोटेस्ला होते. आखाजीच्या वादळाचे सुमारे ४०० होते. कुलाब्याचा आकडा १६००! ही तुलना तंतोतंत नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आजची मापे चार वेधशाळांच्या सरासरीवरून काढतात, आणि ती साक्ष एकाच जागेची आहे. तरीही सूर्याचा क्षोभ कोठवर जाऊ शकतो, याचा जगाजवळचा पहिला विश्वसनीय दाखला तोच आहे. २३ जुलै २०१२ रोजी सूर्यावरून असाच भयंकर लोट निघाला. तो स्टीरिओ-ए या यानावर आदळला, आणि पृथ्वी त्याच्या वाटेवर नव्हती म्हणून बचावली. त्या संकटाची प्रत लावतानाही शास्त्रज्ञांनी १८५९ चेच वादळ समोर ठेवले.

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे आपल्या वीजवाहिन्यांना कॅनडाइतका धोका नाही, हे खरे. परंतु आजचा चलथाणचा मालमोटारवाला उपग्रहाने दाखवलेल्या वाटेने जातो, कोकणातल्या कोळ्याला वादळाची सूचना उपग्रहाच्या चित्रांवरून मिळते, आणि उपग्रह तर सूर्याच्या पहिल्या तडाख्यात असतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका साधारण वादळाने वरचे वातावरण फुगले, एवढ्यानेच नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ नष्ट झाले. सेकंदाला ८०० किलोमीटर वेगाचा लोट पहारेकऱ्यापासून पृथ्वीपर्यंत यायला अर्धा तास घेतो. १८५९ च्या वेगाने आला तर दहा मिनिटांच्या आसपासच मिळतील. त्या दहा मिनिटांत काय बंद करायचे आणि काय वाचवायचे, हे आधी ठरलेले असावे लागते. आणि ते ठरवताना संकटाची कमाल मर्यादा कोणती धरावी हे कुलाब्याची वही सांगते.

आपल्याकडे १८७२ साली पुराव्याचा कायदा झाला. २०२४ साली त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली, तरी त्यातील एक जुने तत्त्व कायम राहिले. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला तर तो खरा असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. यातला 'योग्य ताबा' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. लिहिणारा लिहून जातो. पुढच्या पिढ्यांनी ते नीट जपले तरच ती साक्ष होते.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका देवस्थानच्या इनाम जमिनीचा वाद माझ्याकडे आला. नैवेद्य, नंदादीप, पालखीचा खर्च, कुळांनी घातलेले भात यांच्या तीन पिढ्यांच्या वह्या देवळाच्या माळ्यावर होत्या, असे वृद्ध पुजाऱ्यांनी सांगितले. मी मोठ्या आशेने गेलो. जीर्णोद्धाराच्या वेळी त्या रद्दीत दिल्या गेल्या होत्या. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. जुन्या तेलकट वह्यांचा उपयोग काय, असे त्यांना वाटले. शिखर नवे झाले, परंतु हक्क सिद्ध करता आला नाही. त्या दिवशी रित्या माळ्याकडे पाहताना मनाला जी चुटपुट लागली, ती अजून गेलेली नाही.

आकड्याचा उपयोग काय, असे कुलाब्याच्या निरीक्षकांनी १८५९ साली विचारले असते, तर त्यांना उत्तर देता आले नसते. उत्तर यायला १४४ वर्षे लागली. फळाची वाट न पाहता कर्म करावे, ही शिकवण आपण देवळात नित्य ऐकतो. तिचे इतके निखळ उदाहरण एखाद्या सरकारी वहीत सापडावे, याचे मला नवल वाटले.

आखाजीला आपण पितरांच्या नावे घागर भरतो. पुढच्या आखाजीला चलथाणच्या अंगणातून पुन्हा झोके लागतील आणि पंधरा लाख किलोमीटरवर आदित्याचा चुंबकमापक आपला आकडा पाठवीत असेल. घागर भरताना कुलाब्याच्या त्या निरीक्षकांचेही स्मरण करावे, आणि आपल्या देवळाच्या माळ्यावर एखादे जुने दप्तर उरले असेल तर ते खाली उतरवून, धूळ झटकून, कोरड्या जागी ठेवावे. त्याचे काम कोणाला आणि केव्हा पडेल, ते आज सांगता येत नाही.